इन्सॅटच्या इन्फ्रारेड चित्रावरून मुंबईजवळच्या समुद्राचं तापमान : आकडा चार-पाच अंशांनी कमी का येतो?

किनारा_१९

नमस्कार मंडळी. वर्सोव्यापासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाच्या इन्फ्रारेड चित्रांवरून काढायचं आहे. मोसडॅक या इस्रोच्या संकेतस्थळावरून इन्सॅट-३डीआर या भूस्थिर उपग्रहाच्या इमेजरच्या, म्हणजे चित्र घेणाऱ्या यंत्राच्या, एल१बी (प्राथमिक दर्जाच्या) फाइली उतरवल्या आहेत. सध्याची पद्धत साधी आहे. टीआयआर-१ या औष्णिक इन्फ्रारेड चॅनलचे काउंट, म्हणजे कच्चे आकडे, घ्यायचे, फाइलमध्येच दिलेल्या तक्त्यातून त्यांचे केल्विन करायचे, २७३.१५ वजा करायचे आणि जमिनीचा भाग कापून टाकायचा.

मार्च-एप्रिलच्या फाइलींत उघड्या समुद्रावर २३-२४ अंश सेल्सियस येतं. त्याच दिवसांत ट्रॉलरवर बादलीने पाणी काढून मोजलेलं तापमान २८ च्या आसपास आहे. दुपारच्या चित्रात मुंबई बंदर आणि ठाण्याची खाडी मात्र ३२-३३ दाखवते, आणि पहाटेच्या चित्रात तीच खाडी बाहेरच्या समुद्रापेक्षा थंड दिसते.

समुद्रावरचा फरक सगळीकडे सारखा असता तर सरळ चार अंश मिळवले असते, पण तो दर दिवशी वेगळा येतो. नेमकं कुठे दुरुस्त करायचं? खाडीचं तापमान या पद्धतीने मिळू शकतं का? आणि पावसाळ्यात काय करायचं?

अवरक्त

तुमच्या हातात आलेला आकडा समुद्राचा नाही, तो वातावरणाच्या वरच्या टोकाला पोचलेल्या किरणांचा आहे. त्याला ब्राइटनेस टेंपरेचर म्हणतात. १० ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते, पण पूर्ण नसते. बाष्प समुद्राचे किरण शोषतं आणि स्वतःच्या, म्हणजे वरच्या थंड थरांच्या तापमानाने पुन्हा सोडतं. म्हणून आकडा खाली येतो. मुंबईवर जानेवारीच्या कोरड्या हवेत ही घट दोन-तीन अंशांची असते, मे अखेरीस दमट हवेत सहा-सात अंशांवर जाते. तुमचा फरक रोज बदलतो तो त्या दिवसाच्या बाष्पामुळे. ठरावीक आकडा मिळवून हे सुटणार नाही.

उपाय इमेजरमध्येच आहे. टीआयआर-१ चा पट्टा १०.३ ते ११.३ मायक्रॉन, टीआयआर-२ चा ११.५ ते १२.५. दुसऱ्या पट्ट्यात बाष्प जास्त शोषतं. त्यामुळे हवा जितकी दमट, तितका दोघांच्या तापमानातला फरक मोठा. हा फरकच बाष्पाचं माप देतो. यालाच स्प्लिट विंडो म्हणतात. नेहमीचं सूत्र असं (एसएसटी म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान; क, ख, ग, घ हे गुणांक):

एसएसटी = क + ख × टी११ + ग × (टी११ − टी१२) + घ × (टी११ − टी१२) × (सेक झ − १)

इथे टी११ आणि टी१२ ही दोन चॅनलची ब्राइटनेस टेंपरेचर, आणि झ म्हणजे त्या पिक्सेलवरून उपग्रह डोक्यापासून किती कलता दिसतो तो झेनिथ कोन. ३डीआर ७४ अंश पूर्वेवर आहे, त्यामुळे मुंबईसाठी हा कोन २२ अंशांच्या जवळ येतो आणि सेक झ १.०८. शेवटचं पद तुमच्या पट्ट्यात लहान राहतं. ८२ अंश पूर्वेवरच्या उपग्रहाच्या फाइली वापरल्यात तर कोन साडेचोवीसच्या आसपास जाईल. फरक फार नाही, तरी दोन्हींची मिसळ करताना कोन पिक्सेलगणिक मोजून घ्या.

‘ग’ची किंमत साधारण २ ते ३ असते, पण जुन्या एव्हीएचआरआर या उपग्रहयंत्रासाठी छापलेले गुणांक इन्सॅटला लावू नका. चॅनलची नावं सारखी दिसली तरी प्रत्येक यंत्राचा वर्णपटीय प्रतिसाद वेगळा असतो, आणि अंशाच्या दहाव्या भागाइतका फरकसुद्धा ‘ग’ने गुणला जातो. सोपा मार्ग म्हणजे मोसडॅकवरच मिळणारं एल२बी दर्जाचं तयार एसएसटी घ्या आणि आपली आकडेमोड त्याच्याशी ताडा. स्वतःचे गुणांक बसवायचेच असतील तर खोल समुद्रातल्या बॉयांशी (तरंगत्या मापनयंत्रांशी) किंवा व्हीआयआयआरएस या ध्रुवीय उपग्रहांवरच्या यंत्राच्या उत्तम दर्जाच्या रात्रीच्या पिक्सेलांशी जुळणी करा, आणि जुळणीत डिसेंबरपासून मेपर्यंतचे सगळे महिने येऊ द्या. फक्त हिवाळ्यावर बसवलेले गुणांक मे महिन्यात थंड आकडे देतात. बाष्प खूप वाढलं की टी११ आणि टी१२ मधला फरक त्या प्रमाणात वाढत नाही. हे वक्र नातं पकडण्यासाठी काही सूत्रांत ‘ग’ला अंदाजे समुद्रतापमानाने गुणतात. नोआ (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) आणि नासाची बरीच उत्पादनं याच धर्तीवर उभी आहेत.

आता गोंगाट, म्हणजे यंत्राच्या आकड्यातली आपोआप होणारी चढउतार. ‘ख’ १ आणि ‘ग’ २.५ धरला तर सूत्रात टी११ चा एकूण गुणक ३.५ होतो आणि टी१२ चा उणे २.५. दोन्ही चॅनलमध्ये ०.१ केल्विन गोंगाट असेल तर उत्तरात तो चार पटींहून जास्त वाढून ०.४३ केल्विन होतो. म्हणून टी११ पिक्सेलचा तसाच ठेवायचा आणि टी११ − टी१२ हा फरक आधी ५ × ५ पिक्सेलांवर सरासरी करून घ्यायचा. बाष्प वीस किलोमीटरच्या अंतरात फारसं बदलत नाही, त्यामुळे समुद्रातली तापमानाची रेषा न पुसता गोंगाट उतरतो. ही सरासरी ढगाचे पिक्सेल काढल्यानंतरच घ्या, नाहीतर एक ढग चोवीस शेजाऱ्यांना बिघडवतो.

आणि ढग. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, सूत्रात नाही. पिक्सेल ४ किमीचा आहे. त्याचा दहावा भाग २७० केल्विनच्या ढगाने व्यापला आणि बाकी समुद्र ३०१ केल्विनचा असला, तर ११ मायक्रॉनला आकडा पावणेतीन अंशांनी पडतो. चित्रात तो ढगासारखा दिसतही नाही, थोडा थंड समुद्र वाटतो. चाळण्या एकामागून एक लावाव्या लागतात. टी११ अगदीच कमी असेल तर पिक्सेल बाद. ३ × ३ च्या चौकटीत कमाल आणि किमान यांतला फरक उंबऱ्यापेक्षा मोठा असेल तर बाद. दिवसा दृश्य चॅनलमध्ये समुद्र काळा असायला हवा, उजळ दिसला तर बाद. रात्री ३.९ मायक्रॉनचा एमआयआर चॅनल कामाला येतो. निरभ्र दमट समुद्रावर त्याचा आकडा टी११ पेक्षा वर असतो, कारण तिथे बाष्प कमी शोषतं. तो टी११ च्या खाली गेला तर पाण्याच्या थेंबांचा खालचा ढग किंवा धुकं आहे असं समजा. हीच चाळणी दिवसा चालत नाही, ३.९ ला परावर्तित ऊन मिसळतं.

फाइलींच्या नावातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते हेही लक्षात असू द्या. ०८१५ म्हणजे आपल्याकडे दुपारचे पावणेदोन. बादलीच्या नोंदी भारतीय वेळेत असतील तर जुळवणीत साडेपाच तासांची गफलत होते, आणि एप्रिलमध्ये तेवढ्याने सकाळ-दुपार बदलते.

खाडीकाठ

खाडीबद्दल सांगतो. इन्सॅटच्या ४ किमी पिक्सेलने ठाण्याची खाडी मोजता येत नाही. मुंबई बंदराची रुंदीच १० किमीच्या आसपास. दोन्ही काठांचे पिक्सेल सोडले की मधे शुद्ध पाण्याचा पिक्सेल उरत नाही, आणि त्यात चित्राचं भूस्थान एखाद्या पिक्सेलने सरकलेलं असलं तर उरलासुरलाही जातो. दुपारी ३२ आणि पहाटे थंड, ही खाडीची नाही, मिश्र पिक्सेलची खूण आहे. पिक्सेलचा पाचवा भाग ४२ अंशांचं डांबर-काँक्रीट आणि बाकी २८ अंशांचं पाणी धरलं तर ३०.८ येतं. पहाटे तीच जमीन २२ वर आली की २६.८. पाणी जागच्या जागी आहे, जमीन वर-खाली होते आहे.

उघड्या किनाऱ्यावरही किनाऱ्यालगतचे दोन पिक्सेल, म्हणजे आठ-दहा किलोमीटर, सोडून द्या. आधी किनारपट्टीची रेषा चित्रावर टाकून बघा. काठेवाड, खंभातचं आखात आणि साष्टीचा किनारा जागेवर बसतोय ना, एवढं प्रत्येक फाइलला तपासा.

खाडीसाठी लँडसॅट ८ आणि ९ हे बारीक पिक्सेलचे उपग्रह घ्या. त्यांच्या चित्रांच्या जाळीत मुंबई पाथ (पट्टा) १४८, रो (ओळ) ४७ मध्ये येते. एकेक उपग्रह १६ दिवसांनी, दोन्ही मिळून ८ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास. कलेक्शन २ च्या लेव्हल २ मध्ये पृष्ठभागाचं तापमान तयार मिळतं. त्याचा डिजिटल आकडा ०.००३४१८०२ ने गुणायचा आणि १४९ मिळवायचे, उत्तर केल्विनमध्ये. ४४,५०० असेल तर ३०१.१ केल्विन, म्हणजे २७.९५ अंश. सोबत अनिश्चिततेचा एक थर आणि ढगापासूनच्या अंतराचा एक थर असतो. हे दोन्ही न बघता तापमानाचा थर वापरू नका. ढगापासून एक-दोन किलोमीटरच्या आतलं पाणी बहुतेक वेळा थंड दाखवतं, पातळ कडा चित्रात दिसत नाहीत.

स्वतः करायचं असेल तर बँड १० घ्या. लँडसॅट ८ च्या टीआयआरएसमध्ये, म्हणजे औष्णिक यंत्रात, दृश्याबाहेरून भटका प्रकाश शिरतो. त्याचा त्रास बँड ११ ला जास्त होता, नंतर दुरुस्ती आली, तरी पाण्याच्या बारीक फरकांसाठी एका बँडची पद्धत जास्त विश्वासाची वाटते. नासाच्या अॅटमॉस्फेरिक करेक्शन पॅरामीटर कॅल्क्युलेटरमध्ये दिनांक, वेळ आणि अक्षांश-रेखांश टाकले की तीन गोष्टी मिळतात : हवेची पारगम्यता, हवेने वर सोडलेलं प्रारण आणि आकाशातून खाली येणारं प्रारण. उपग्रहाच्या प्रारणातून वर सोडलेलं वजा करा. मग आकाशाचं पाण्यावरून उलटलेलं, म्हणजे पारगम्यता × (१ − एमिसिव्हिटी) × खाली येणारं प्रारण, तेही वजा करा (एमिसिव्हिटी म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण सोडतो ते प्रमाण). उरलेल्याला पारगम्यता × एमिसिव्हिटीने भागा. हाती आलेल्या प्रारणाला ‘प्र’ म्हणा आणि तापमान काढा : के२ ÷ लॉग(के१ ÷ प्र + १), लॉग नैसर्गिक. के१ आणि के२ हे यंत्राचे स्थिरांक : लँडसॅट ८ ला के१ ७७४.८८५३ आणि के२ १३२१.०७८९. लँडसॅट ९ चे आकडे वेगळे आहेत, म्हणून ते प्रत्येक दृश्याच्या मेटाडेटा फाइलमधूनच वाचा. पाण्याची एमिसिव्हिटी ०.९९ च्या जवळ धरा. जमिनीसाठीचा ०.९५ तसाच राहिला तर उत्तर अंश-दोन अंशांनी वर उडतं. ३०० केल्विनला ११ मायक्रॉनवर एमिसिव्हिटीतली एक टक्का चूक कोरड्या आकाशाखाली जवळपास ०.६ केल्विनची होते. दमट हवेत आकाशाचं प्रारण त्यातला काही भाग भरून काढतं.

पिक्सेल ३० मीटरचा दिसतो, मोजणी १०० मीटरची आहे. म्हणून ३०० मीटरपेक्षा अरुंद पाण्याच्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका.

आता भरती-ओहोटी, आणि हा भाग मुंबईत टाळताच येत नाही. उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो. शिवडीपासून वर खाडीच्या दोन्ही अंगांना चिखलपट्टे उघडे पडतात. उन्हात तापलेल्या चिखलावर पाणी चढलं की तेही तापतं. लँडसॅट नेहमी अकराला येतो, आणि मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरती भर दुपारी बाराच्या सुमारास असते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत त्याला चढतं पाणी दिसतं, चिखल बराचसा झाकलेला. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो त्या दिवसांत, भरती सकाळी सहाच्या सुमारास, म्हणून अकराला ओहोटी सरत आलेली. थोडक्यात, चंद्राची तिथी बदलली की दृश्यातली खाडीच बदलते. दोन महिन्यांच्या लँडसॅट दृश्यांतून ‘खाडी दीड अंशाने तापली’ असं म्हणण्याआधी दोन्ही दिवसांच्या तिथी आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवा. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं किंवा तुर्भ्याच्या वीज केंद्राचं गरम पाणी कुठवर पसरतं हे बघणाऱ्यांनी तर भरतीची आणि ओहोटीची दृश्यं वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवावीत. भरतीला उष्ण पट्टा एका दिशेला झुकतो, ओहोटीला दुसऱ्या, आणि सरासरीत दोन्ही पुसले जातात.

किनारा_१९

दोघांचे आभार. टीआयआर-२ घेऊन फरकाची ५ × ५ सरासरी लावली. निरभ्र रात्रीचे आकडे मोसडॅकच्या तयार एसएसटीच्या जवळ आले. अजून दोन शंका आहेत. बादलीचं पाणी आणि उपग्रह यांची तुलना कितपत योग्य? आणि बाजारात मिळणारी इन्फ्रारेड बंदूक होडीवरून पाण्यावर रोखून ‘उपग्रहासारखं’ मोजता येईल का?

दर्यामाप

बंदूक नको. तिचा पट्टा ८ ते १४ मायक्रॉनचा रुंद, एमिसिव्हिटी बहुतेक वेळा ०.९५ वर ठेवलेली, अचूकता एक-दोन अंशांची. तिरकी धरली की पाण्यातून आकाशाचं प्रतिबिंब वाचते, आणि निरभ्र आकाश पाण्यापेक्षा पुष्कळ थंड असतं. संशोधन जहाजांवरचे रेडिओमीटर पाण्याकडे आणि आकाशाकडे आळीपाळीने बघतात आणि मधूनमधून स्वतःच्या ब्लॅकबॉडीवर (ठाऊक तापमानाच्या काळ्या वस्तूवर) तपासून घेतात. ती सोय बंदुकीत नाही.

बादलीची तुलना योग्य आहे, पण काय कशाशी ताडतोय ते स्पष्ट हवं. इन्फ्रारेडला पाण्याचा वरचा दहा-वीस मायक्रोमीटरचा थरच दिसतो, केसाच्या जाडीहूनही कमी. हा थर हवेला उष्णता देत असतो म्हणून खालच्या पाण्यापेक्षा थोडा थंड. वारा सेकंदाला ६ मीटरच्या वर असेल तर रात्री हा फरक सरासरी ०.१७ केल्विन. वारा पडला की वाढतो. दिवसा उलटं घडतं. वारा नाही, ऊन कडक, अशा वेळी वरचा मीटरभर थर तापतो आणि त्वचा खालच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनीही गरम होऊ शकते. मुंबईच्या किनाऱ्यालगत मार्च-एप्रिलमध्ये दुपारी खारे वारे सुटले की हा थर ढवळला जातो. सकाळी उशिरा, वारा सुटण्याआधी, तो सगळ्यात फसवा असतो, आणि लँडसॅटची वेळ नेमकी तीच. समुद्रात पन्नास-शंभर किलोमीटर आत, जिथे दुपारीही समुद्र आरशासारखा असतो, तिथे हा प्रश्न संध्याकाळपर्यंत राहतो.

म्हणून पडताळा शक्यतो रात्रीचा किंवा उजाडण्याआधीचा घ्या. तेव्हा त्वचा आणि खालचं पाणी यांत लहान आणि जवळपास ठरलेला फरक उरतो.

बादलीची रीतही सांभाळावी लागते. पत्र्याची बादली उन्हात डेकवर पडलेली असेल तर ती आधी दोनदा समुद्रात बुडवून पाणी ओतून द्या. जाड प्लास्टिकची किंवा बाहेरून गुंडाळलेली बादली बरी. पाणी वर आल्यावर सावलीत, वाऱ्याच्या आड, एका मिनिटात मोजा. उशीर झाला की बाष्पीभवनाने पाणी निवतं. इंजिनाच्या थंड पाण्याच्या नळीवरचा आकडा वापरू नका, तो दीड-दोन मीटर खालचा असतो आणि वर इंजिनची उष्णता. थर्मामीटर ०.१ अंशाच्या खुणांचा, आणि बारीक फोडलेला बर्फ व गोडं पाणी यांच्या मिश्रणात शून्य दाखवतो का ते तपासलेला. प्रत्येक नोंदीला वेळ, अक्षांश-रेखांश आणि वाऱ्याचा अंदाज. वारा न लिहिलेली नोंद दिवसाच्या तुलनेत जवळपास निरुपयोगी.

जुळवताना एका पिक्सेलऐवजी ३ × ३ चा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधे येणारा आकडा, घ्या. बंदराबाहेर वेळेचं अंतर अर्ध्या तासाच्या आत ठेवा, कारण भरतीचा प्रवाह तासाभरात पाणी किलोमीटर-दोन किलोमीटर सरकवतो. फरकांची सरासरी काढू नका, मध्यक काढा. न सापडलेला ढग आकडा नेहमी खालीच ओढतो, त्यामुळे विभागणीला थंड बाजूला शेपूट असतं आणि सरासरी त्या शेपटाकडे झुकते. आकडे किती विखुरले आहेत हे बघायला मध्यकापासूनच्या निरपेक्ष फरकांचा मध्यक काढून १.४८२६ ने गुणा.

फ्रंटरेषा

@अवरक्त यांच्या ३ × ३ चाळणीबद्दल एक हरकत. मासेमारीसाठी लागते ती नेमकी तापमानाची रेषा, जिथे दोन-तीन किलोमीटरमध्ये पाणी अर्धा-एक अंशाने बदलतं. एकसारखेपणाची कडक चाळणी ही रेषाच ढग समजून कापते. हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्रमाहिती केंद्र संभाव्य मासेमारी क्षेत्रांच्या सूचना तापमान आणि हरितद्रव्य यांच्या जोडीवर काढतं. रेषा कापली गेली तर त्या कामासाठी चित्रात काही उरत नाही.

अवरक्त

हरकत रास्त आहे. उंबरा सगळीकडे एकच ठेवला की असंच होतं. रेषेच्या आसपास वेगळी कसोटी लावा. खरी रेषा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फाइलींत जवळपास जागेवर राहते, ढग सरकतो. भूस्थिर उपग्रहाचा हा मोठा फायदा आहे, ध्रुवीय उपग्रहाला तो मिळत नाही. सलग चार-सहा फाइलींत तो पिक्सेल आपल्या जागी तेवढाच थंड राहिला आणि टी११ − टी१२ शेजाऱ्यांइतकाच असला, तर तो समुद्र आहे. त्या फाइलींतला सर्वांत उबदार आकडा घ्यायची रीतही चालते, पण फक्त रात्री. दिवसा ती ऊन खाल्लेली त्वचा निवडते.

ढगांसोबत धुळीवरही नजर ठेवा. २३ जानेवारी २०२२ ला कराचीकडून आलेल्या धुळीने मुंबई पांढुरकी झाली होती. अशा दिवशी एकसारखेपणाची चाळणी काहीच पकडत नाही, धुळीचा पडदा सपाट असतो. बाष्पामुळे टी११ − टी१२ नेहमी धन असतो. खनिज धूळ उलटं वागते, फरक शून्याकडे किंवा ऋणाकडे नेते. सूत्राला हवा कोरडी वाटते, ते दुरुस्ती कमी करतं आणि समुद्र अंशभर किंवा जास्त थंड दाखवतं. एप्रिल-मेच्या दमट हवेत फरक अर्ध्या केल्विनच्या खाली दिसला तर तो दिवस बाजूला काढा.

दर्यामाप

पावसाळ्याचा प्रश्न राहिला होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इन्फ्रारेडला मुंबईजवळचा समुद्र फारसा दिसत नाही, आणि हे कुठल्याही सूत्राने बदलत नाही. मायक्रोवेव्ह ढगांतून बघते, पण एएमएसआर-२ या मायक्रोवेव्ह यंत्राचा ६.९ गिगाहर्ट्झचा ठसा, म्हणजे एका मोजणीत येणारं क्षेत्र, ३५ × ६२ किमीचा. किनाऱ्याजवळ त्यात जमीन शिरते, म्हणून सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा रिकामा राहतो, आणि जोराच्या पावसातही आकडा जातो. खोल अरबी समुद्रासाठी उपयोगी, वर्सोवा-अलिबागसाठी नाही.

रिकाम्या जागा भरलेली दैनिक उत्पादनं आहेत : एमयूआर ०.०१ अंशाच्या जाळीवर, ओस्टिया ०.०५ वर, ओआयएसएसटी ०.२५ वर. जाळी बारीक म्हणून माहिती बारीक असं समजू नका. जुलैमध्ये एमयूआरच्या एक किलोमीटरच्या चौकोनात जे दिसतं ते दूरच्या मायक्रोवेव्ह ठशांतून, बॉयांतून आणि आधीच्या दिवसांतून पसरवलेलं असतं. सोबतचा त्रुटीचा थर उघडून बघा, ढगांचा पट्टा त्यात स्पष्ट उमटतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असल्याने मासेमारीच्या कामाला या अंधाऱ्या काळाची झळ कमी बसते. ऑगस्टमधली उघडीप मात्र वाया घालवू नका. अशा दिवसांत इन्सॅटच्या अर्ध्या तासाच्या फाइलींतून भोकाभोकांनी समुद्र गोळा होतो, आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या उपग्रहांना ती संधी क्वचित मिळते.

किनारा_१९

शेवटचं एक. पडताळ्यासाठी व्हीआयआयआरएस आणि मोडीस (नासाचं तसंच यंत्र) दोन्ही घेतले. रात्रीच्या फाइलींत दर्जा ३ च्या वरचे पिक्सेल ठेवले. व्हीआयआयआरएस छान जुळतो, मोडीस तीन-चार अंश थंड. सूत्रातलं काही सुटतंय का?

खाडीकाठ

सूत्र नाही, दर्जाचा क्रम. जीएचआरएसएसटी या समुद्रतापमानाच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या फाइलींत ५ म्हणजे उत्तम आणि ० म्हणजे माहिती नाही. नासाच्या ओशन कलर गटाच्या मोडीस फाइलींत ० उत्तम आणि ४ सर्वांत वाईट. तुमच्या गाळणीतून मोडीसचे फक्त ढगाळ पिक्सेल शिल्लक राहिले आहेत. तिथे ० ठेवा, किनाऱ्यापासून दूर असाल तर फार तर १.

जीएचआरएसएसटी फाइलींत प्रत्येक पिक्सेलचा अंदाजे बायसही (एकाच दिशेची चूक) दिलेला असतो, तो एसएसटीतून वजा करा. उत्पादन त्वचेचं आहे की त्याखालच्या थराचं हेही तपशिलात वाचा. सेंटिनेल-३ उपग्रहावरच्या एसएलएसटीआर यंत्राचा आकडा त्वचेचा असतो, नोआच्या व्हीआयआयआरएसचा त्वचेखालच्या थराचा. बादलीशी ताडताना रात्रीच्या एसएलएसटीआरमध्ये ०.१७ मिळवायचे, व्हीआयआयआरएसमध्ये नाही. आणि वेळ पुन्हा एकदा : व्हीआयआयआरएस वाहणाऱ्या ध्रुवीय उपग्रहांची ‘रात्री दीड’ ही स्थानिक सौर वेळ आहे. मुंबईची सौर वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे, म्हणून घड्याळात ती दोन वाजून दहा मिनिटांच्या आसपास येते, आणि मुंबई चित्रपट्टीच्या कडेला असेल तर त्याच्याही बरीच पुढे-मागे. नेमकी वेळ फाइलमधूनच घ्या.